बुधीआत्या आधी पाखडायची

गोष्टी काय कोणी मुद्दाम साठवतं? कोंडा कसा साठतो, कांडता कांडता! आमचंही तसंच. जव्हारला महाराजांच्या दरबारी कोठारात आम्ही चौघी भात कांडायला जायचो. मी नवी नवरी, शेजारची ठकी, मंगळी, आणि सगळ्यांत मोठी बुधीआत्या, माझ्या नवऱ्याची आत्या. मंगळी विधवा. ना शेत, ना मूलबाळ. मजुरीचा तांदूळ पदरात घेऊन जायची, त्यावरच तिची चूल.

हातात मुसळ असलं की तोंड मोकळं. कुठं भूत दिसलं, कुठं दगड रडला, सगळं आमच्या उखळाशी यायचं. आत्याचं एकच म्हणणं, "आधी सुपात घे गे. पाखडून उरलं तर खरं!"

आम्ही हसायचो. पण तिच्या याच खोडीनं एका बाईचं घर वाचलं. सांगते, पण ओळीनं.

*

पोशेऱ्याचा एक माणूस कोठारात भात घालायला आला. म्हणाला, "आमच्या रानात वाघानं वाघदेवाला गुडघे टेकून नमस्कार केला. या डोळ्यांनी पाहिला!"

ठकीनं तिथंच हात जोडले.

आत्यानं विचारलं, "तू कुठं होतास रं?"

"झाडावर. पार शेंड्याला!"

"आणि डोळे?"

माणूस घुटमळला. "डोळे मिटलेले. भ्यालो ना, आये!"

"बरं केलंस," आत्या म्हणाली. "उघडे असते तर वाघ नुसता बसलेला दिसला असता!"

*

एकदा तिनंच आम्हाला फसवलं. गंभीर तोंड करून म्हणाली, "उखळात भात घातला की वाकून हळूच सांगायचं, सांभाळून ये बाबा. मग दाणा तुटून कणी पडत नाय."

तीन दिवस आम्ही भाताशी कुजबुजलो. आणि खरंच कणी कमी पडली! ठकी म्हणाली, "भाताला कान असतात गे!"

आत्या हसून हसून खाली बसली. "अगं, बोलायला वाकता, तेव्हा मुसळ हळू पडतं. मग कणी कशी पडंल?"

ठकीनं बोलणं सोडलं, मीही सोडलं. मंगळी म्हणाली, "मी तर बोलणार. घरी बोलायला दुसरं आहे कोण?"

आत्यानं तिच्यासाठी उखळात आणखी भात ओतला.

*

मग जामसरच्या वाटेवर, वडाखाली एक बाबा येऊन बसला. बारा वर्षं अन्न नाही, नुसत्या हवेवर जगतो! लोक नारळ घेऊन धावले. आत्याही गेली. भांडली नाही, काही विचारलं नाही. झाडू घेतला आणि बाबाच्या भोवतीची जागा झाडू लागली. दोन दिवस बाबा खूश!

तिसऱ्या दिवशी तिनं आम्हाला बोट करून दाखवलं. मुंग्यांची रांग वडाच्या मुळावरून निघाली, बाबाच्या मांडीवरून वर चढली आणि थेट जटेत शिरली.

आत्या हात जोडून म्हणाली, "बाबा, या मुंग्या पण हवाच खातात का हो?"

दुसऱ्या दिवशी वडाखाली नारळाच्या करवंट्या तेवढ्या होत्या.

*

तुम्हाला वाटेल, आत्या कशालाच मानत नव्हती. तसं नाही हो. महाराजांची मोटार आली तेव्हाची गंमत ऐका.

ठकी धावत आली. "बैलावाचून गाडी चालते!"

"आतमध्ये बैल लपवले असतील," आत्या म्हणाली. पण नुसती घरी बसून बोलली नाही! आम्हाला घेऊन वाड्याच्या फाटकाशी गेली. मोटार आली, गुरगुरली, फिरली, थांबली. आत्या पुढं झाली आणि चक्क वाकून मोटारीच्या खाली बघायला लागली. ड्रायव्हर ओरडला, "ए म्हातारे! काय हरवलं?"

आत्या उठली, लुगडं झटकलं आणि आम्हाला म्हणाली, "खरं आहे गे. बैल लपवतील, पण शेण कुठं लपवतील?"

त्या दिवसापासून मोटारीला कोणी खोटं म्हटलं तर तीच भांडायची!

*

आणि मग ते झालं. पाटलाचे दोन बैल आठ दिवसांत मेले. पाड्यात कुजबुज सुरू झाली, कोणीतरी बाई भुताळी आहे, तिनंच करणी केली. सगळ्यांच्या नजरा मंगळीकडे. एकटी बाई, भाताशी बोलते, आणखी काय पाहिजे? भुताळी ठरली की पाड्याबाहेर. बिचारीनं आधीच बोचकं बांधून ठेवलं होतं.

लहानू भगत दाणे पाहायला बसला. प्रत्येक घरानं सागाच्या पानात मूठभर तांदूळ आणायचा. भगत त्यातली चिमूट घेऊन दोन-दोन दाणे मांडायचा. सगळ्यांचे जोडीत बसले. मंगळीच्या तांदळातला एक दाणा एकटा उरला, म्हणजे भुताळी तीच!

मंगळी बोचकं छातीशी धरून उभी राहिली. तेव्हा आत्या पुढं झाली. मला वाटलं, आता भगताशी भांडणार. पण ती हात जोडून बसली.

"भगता, दाणा खोटं बोलतो का रं?"

"कधीच नाय."

"आणि सांगतो कोणाचं?"

"ज्या कोठीतून निघाला तिथलं. त्याच घरात भुताळी. माझा गुरू सांगून गेलाय."

"पक्कं?"

"पक्कं!"

आत्या पाटलाकडं वळली. "पाटील, ऐकलंत ना? मंगळीच्या घरात कोठी नाय, शेत नाय. हा दाणा आम्ही कालच दरबारच्या कोठारात कांडला. तिच्या मजुरीचा. चला, जव्हारला जाऊन महाराजांना सांगू, की महाराज, तुमच्याच घरात भुताळी आहे. पुढं भगत चालेल. वाट मी दाखवते, माझी रोजचीच आहे."

पाटलानं मुंडासं काढलं, पुन्हा घातलं. भगत त्या उरलेल्या दाण्याकडं बघत राहिला. मग त्यानं पाटलाकडं बघितलं. मग दाणा उचलला, तोंडात टाकला आणि कडकड चावून खाल्ला!

"तांदूळ जुना आहे," तो म्हणाला. "चवीला बरा आहे."

मंगळीनं खाली बसून बोचक्याची गाठ सोडली. आतल्या तांदळात हात घातला आणि विचारलं, "आणखी मूठभर देऊ का, भगतबाबा?"