गोठा सारवणारे हात

“ताटली घरची आणलीस ना गं?”

सुमतीबाईंनी माझ्या आईला विचारलं. आई त्यांच्याहून वयानं मोठी. नाताळची उपासना नुकतीच संपली होती आणि सोलापुरातल्या आमच्या चर्चच्या आवारात प्रीतिभोजनाची पंगत मांडली जात होती. सुमतीबाई मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, पंचांच्या पत्नी. त्यांच्या मागे टेबलावर मंडळीची पितळी ताटं रचलेली होती.

आई हसली. पदराखालून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली काढून तिनं दाखवली. “व्हय बाई, आणलीया की.”

“मग लिंबाखाली बसा तुम्ही लोक. आधी ही पंगत उठू दे.”

दरवर्षी असंच व्हायचं. त्या वर्षी मला ते दिसलं.

कारण तासाभरापूर्वी त्याच चर्चमध्ये ख्रिस्तजन्माचा धडा मी वाचला होता. आमच्या मांगवस्तीतली मी पहिली बी.ए. पाळकसाहेबांनीच उभं केलं. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, हे मी मोठ्यानं वाचलं तेव्हा पुढच्या बाकांवरच्या बायकांनी डोळे पुसले. व्यासपीठाशेजारी कडब्याचा गोठा होता. त्यातली जमीन आईनं आदल्या दिवशी शेणानं सारवली होती. दुष्काळात होटगीच्या रस्त्यावर खडी फोडलेले हात. गोठा आमच्याच बायकांनी सारवायचा, हा रिवाज. का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

सुमतीबाईंचे आजोबा गावचे कुलकर्णी. माझे आजोबा मांग. दोघांना एकाच पाद्रीसाहेबानं बाप्तिस्मा दिला, असं अभिमानानं सांगतात. पण फक्त आमच्याकडे सांगतात, त्यांच्याकडे नाही.

मी टेबलापाशी गेले. दोन पितळी ताटं उचलली.

“अगं, ती मंडळीची ताटं आहेत!”

“आम्ही मंडळीतच आहोत, बाई.”

“बी.ए. झालीस म्हणून तोंड फुटलं होय? बोर्डिंगात फुकटचं जेवलीस तेव्हा कुठं होती ही ऐट?”

हो, जेवले. मिशनचं बोर्डिंग नसतं तर आज हे लिहायला मी नसते. तिथल्या बाईंनी माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि मला शेक्सपिअर शिकवला. ते उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण ते बोर्डिंग सुमतीबाईंच्या बापाचं नव्हतं. आणि उपकाराचं दावं गळ्यात बांधून मला लिंबाला नेऊन बांधायचा हक्क कुणालाच नव्हता.

पाळकसाहेब धावत आले. “आजच्या दिवशी वाद नको. सण आहे.”

“मग आईला या पंगतीत बसू द्या, साहेब. वाद मिटला.”

ते माझ्याकडे बघेनात. ताटांकडे बघत राहिले. रश्श्याची बादली घेतलेला वाढपी तसाच उभा.

तेवढ्यात आईनं माझ्या हातातली ताटं काढून घेतली. “चल बाय. लोकं बगत्यात. आपल्याला लिंबाखालीच बरं हाय.” तिनं ताटं परत टेबलावर ठेवली. ठेवण्याआधी पदरानं पुसली. दोन्ही. नीट, काठापर्यंत.

तिला पुसायला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिचा हात धरून फाटकाबाहेर पडले. घरी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. “सणाचं मटण गेलं की तुझ्यापायी,” आई दिवसभर कुरकुरत होती. मला मात्र ते पुसणंच दिसत होतं.

उतारशाळेचा मालक राक्षस नसणार. तोही म्हणाला असेल, आज गर्दी आहे, वाद नको, मागच्या बाजूला बघा. तसल्या माणसांची मुलंबाळं आज पुढच्या बाकांवर बसतात आणि माझा आवाज ऐकून डोळे पुसतात. देव गोठ्यात जन्मला तो त्यांच्या देखाव्यासाठी नाही. ज्यांना दारातून परत पाठवतात, त्यांच्यात तो जन्मला. नाताळचा दुसरा अर्थ मला कुणी शिकवू नये.

आता पुन्हा डिसेंबर आलाय. काल चर्चचा शिपाई निरोप घेऊन आला, “आईला पाठवून द्या, गोठा सारवायचाय.” आई पाटी घेऊन उठलीसुद्धा. मी ती तिच्या हातून काढून घेतली.

शिपायाला सांगितलं, ज्यांना गोठा हवा त्यांनी शेणात हात घालावा. माझी आई आता त्या फाटकातून आत येईल ती पहिल्या पंगतीला. पितळी ताटात जेवेल. आणि उठताना ते ताट पदरानं पुसणार नाही.