थडग्यात उतरण्याची तालीम

लेकरांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगत होतात की शाळेत डोळ्यांना चष्मे लावून तुम्ही पिरॅमिडच्या आत फिरून आलात. मी म्हणाले, मीही इजिप्तला जाऊन आले आहे, हिंगोलीतून, स्टुलावर बसून. तुम्ही हसलात. तुमची आई हसली नाही. तिने हळूच तुमच्या बाबांना विचारलं की आई अलीकडे विसरायला लागल्या आहेत का. मला ते ऐकू आलं. म्हणून हे आजच लिहायला घेतलं. तुमच्या बाबांनाही यातलं अर्धंच ठाऊक आहे. तेव्हा मी त्यांना 'कानाची तपासणी आहे' एवढंच कळवलं होतं.

दोन हजार पाच-सहाचं साल असेल. मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. डाव्या कानात दिवसभर घूं असा आवाज सुरू झाला. फोन त्या कानाला लावला की माणूस बोलतंय एवढं कळायचं, शब्द कळायचे नाहीत. मग फळ्यावर लिहिताना तोल जायला लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कानाच्या नसेवर गाठ असू शकते. शेजारूनच चेहऱ्याची नस जाते. गाठ वाढली तर तोंड वाकडं होईल, डोळा मिटणार नाही, आणि पुढे मेंदूवर दाब येईल. खरं काय ते एमआरआयच्या यंत्रातच कळेल.

यंत्र म्हणजे एक आडवी विहीर. मला फळीवर झोपवलं, तोंडावर जाळीचा सांगाडा बसवला, सहन झालं नाही तर दाबायला हातात रबरी फुगा दिला आणि आत सरकवलं. डोळे उघडले तर छत नाकापासून चार बोटांवर होतं. यंत्राने आवाज करायच्या आधीच मी फुगा दाबला, आणि दाबतच राहिले. बाहेर काढल्यावर अनवाणीच व्हरांड्यात जाऊन बसले. मला दमा असल्यामुळे झोपेचं औषध देऊन तपासणी करायला डॉक्टर तयार नव्हते. पंधरा दिवसांनी पुन्हा या, त्याहून उशीर नको, म्हणाले.

परतीच्या बसमध्ये तुमच्या आजोबांनी विचारलं, पंधरा दिवसांत काय बदलणार आहे? त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

या भीतीचं मूळ मला माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या महाशिवरात्रीला मला औंढ्याला नेलं होतं. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अंग चोरून, वाकून, अरुंद वाटेने खाली उतरावं लागतं, आणि खाली उभं राहायला पुरेशी जागा नाही. त्या दिवशी मी मध्येच अडकले. पुढे माणसं, मागे माणसं, तेलाचा आणि ओल्या बेलपानांचा वास, पाठीत कुणाचा तरी गुडघा. यात कुणाची चूक नव्हती. पण आत घेतलेला श्वास बाहेर येईना, आणि आपण इथेच मरणार असं मला स्पष्ट वाटलं. त्यानंतर तीस वर्षं घरची मंडळी खाली उतरायची आणि मी वर खांबाला टेकून उभी राहायची. गुडघे दुखतात, असं सांगायची. माझे गुडघे कधीच दुखत नव्हते.

तुमचे बाबा परदेशी गेले तेव्हा आपला संगणक मधल्या खोलीत ठेवून गेले होते. त्यात त्यांनी आवडीची पानं जपून ठेवली होती, आणि त्यात एक पान इजिप्तच्या देवळांचं आणि थडग्यांचं होतं. त्या जागांची सगळ्या बाजूंनी छायाचित्रं घेतलेली. माऊस ओढला की आपण जागच्या जागी वळतो, बाणावर टिचकी मारली की पुढच्या दालनात जातो. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट ते, चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उतरायचं.

मी वही आखली. पहिले तीन दिवस उघडी देवळं, वर आकाश असलेली. मग छताची देवळं. मग रुंद पायऱ्यांची थडगी. शेवटी अशी थडगी, जिथे वाकून जावं लागतं. रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास, आणि समोर शेरा: किती पायऱ्या उतरले, डोळे मिटले का, श्वास कसा होता.

तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. पण मोठ्या खांबांच्या देवळातून पहिल्या बंद दालनाच्या बाणावर बोट नेलं तेव्हा माझा तळहात इतका घामेजला की माऊस निसटला. चौथ्या दिवशी मी दालनात होते आणि वेळापत्रकाच्या अर्धा तास आधीच वीज गेली. भारनियमनाचं वेळापत्रक मी स्वतः भिंतीवर चिकटवलं होतं. मधल्या खोलीला खिडकी नाही. पडदा काळा, खोली काळी, आणि एक क्षण मला खरोखर कळेना की मी कुठे बसले आहे. स्टूल पाडून मी अंगणात पळाले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, हळद वाळत घालत होत्या.

"काहून पळून राहिलीस गं माय? साप निघाला काय?"

मी म्हणाले, वीज गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं, आणि त्या पुन्हा हळद पसरू लागल्या.

कुरुंद्याकडच्या त्या. शाळा दुसरीपर्यंत. मी पडद्यावर रोज काय बघते ते त्यांनी दुसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांकडून काढून घेतलं. ती राजांची थडगी आहेत हे कळल्यावर त्यांनी नियम घातला, मढ्याच्या घरातून आलेल्या बाईने आंघोळ केल्याशिवाय चुलीकडे यायचं नाही. मी इंग्रजी शिकवणारी बाई, पण वाद घातला नाही. रोज अर्धा तास इजिप्त आणि मग आंघोळ. आजोबा बंब पेटवता पेटवता म्हणायचे, लोक इजिप्तहून काही तरी घेऊन येतात, ही नुसता विटाळ घेऊन येते.

नवव्या दिवशी मी सगळ्यात खोल थडग्यात पोचले. तीन उतरते बोळ, आणि खाली ठेंगणी खोली, मधोमध दगडी पेटी. ती खोली औंढ्याच्या गाभाऱ्यासारखी दिसत होती. इथे माऊस ओढला की चित्र पेटीभोवती फिरायचं. मी उजवीकडे वळत गेले, पेटीच्या कडेने, मग थांबून उलटी फिरले. वर जायचा बाण दिसेना. पुन्हा उजवीकडे, पुन्हा उलटी. बाण नव्हताच. हे पडद्यावरचं चित्र आहे, मी हिंगोलीत आहे, हे मनात म्हणत होते आणि तरी पेटीभोवती बाण शोधत होते. शेवटी भिंतीवरचं बटण बंद करून टाकलं. दहाव्या दिवशी तेच. अकराव्या दिवशीही तेच. नांदेडला जायला चार दिवस उरले होते. वहीत लिहिलं: खोलीला दार नाही. मी परत यंत्रात जाणार नाही.

बाराव्या दिवशी तरीही मी पडद्यासमोर बसले, आणि सासूबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. माझा हात उजवीकडे गेला, थांबला, मागे आला. त्या बराच वेळ बघत होत्या.

"अर्धीच फिरून राहिलीस."

"म्हणजे?" मी विचारलं.

"महादेवाची फिरल्यावानी. थितं काय पन्हळ हाय का वलांडायला भ्यायला? मढं हाय ते. पुरी फिर."

महादेवाच्या देवळात पाण्याची पन्हळ ओलांडत नाहीत. तिथपर्यंत जातात आणि उलट फिरतात. लहानपणापासून पायांना लागलेली ती सवय माझ्या हातात उतरली होती, आणि तीन दिवस मी त्या खोलीचा एक कोपरा पाहिलाच नव्हता. मी माऊस पुढे ओढला. जिथे थांबत होते त्याच्या वीतभर पुढे भिंतीत दार होतं, पायऱ्या होत्या, बाण होता.

मी रडायला लागले. आणि मग त्यांना गुडघ्यांचं खरं सांगितलं.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखणारी बाई खांबाला मिठी मारत न्हाई. आता नांदेडला मी येते."

तपासणीच्या खोलीत एका माणसाला बसू देत होते, अंगावर धातू नको एवढीच अट. सासूबाईंचं चांदीचं कडं मनगटातून निघेना. साबण लावून, कातडं सोलवटून त्यांनी ते काढलं आणि माझ्या पायांपाशी स्टूल घेऊन बसल्या. पाय तेवढे यंत्राच्या बाहेर राहतात.

भीती कमी झाली होती, असं तुम्हाला वाटायला नको. ती कणभरही कमी झाली नव्हती. यंत्र हातोडे मारल्यासारखं ठोकत होतं, जाळी तोंडावर होती, अंगठा फुग्यावर होता. डोळे घट्ट मिटून मी दगडी पेटीभोवती फिरायला लागले, पन्हळीच्या जागेवरून पुढे, दारापर्यंत. दार दिसलं की पायऱ्या चढायच्या नाहीत, दुसरी फेरी धरायची. मध्येच फेरी चुकायची आणि श्वास आतच अडकायचा. तेव्हा सासूबाईंचा सोलवटलेला, ओला हात तळपायावर आहे एवढंच कळत होतं. मी फुगा दाबला नाही.

गाठ निघाली, हरभऱ्याएवढी. महिन्याभरात हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. आणखी सहा महिने उशीर झाला असता तर चेहरा वाचला नसता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

औंढ्याला मी आजही खाली उतरत नाही. आता कारण मात्र खरं सांगते. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. तो संगणक भंगारात गेला, इजिप्तचं ते पान आता उघडत नाही, आणि माझी वही वाळवीने खाल्ली. डावा कान शस्त्रक्रियेत गेला. उजवा कान, सगळा चेहरा आणि बोलणं शाबूत आहे.