हारुन खराद्याच्या आठ वाट्या

हारुन खरादी म्हणजे भुसावळातला सर्वांत सफाईदार हाताचा आणि सर्वांत उशिरा काम देणारा लाकूड-कातारी. लाटणं असो की पाळण्याचा खुंट, वस्तू अशी द्यायचा की गिऱ्हाईक महिनाभर घातलेल्या खेपा विसरून जायचं. दुभत्याच्या कपाटाखालच्या वाट्या तर त्यानेच कराव्यात. सागाच्या, खोल, आतून लाखेचा हात दिलेल्या. पाणी भरून कपाटाचे पाय त्यात ठेवले की मुंग्यांची काय बिशाद! अर्ध्या गावात त्या होत्या. फक्त त्याच्या स्वतःच्या घरात नव्हत्या.

घरात त्या मागितल्या मेहरुनने, त्याच्या बायकोने. सन अडतीसच्या उन्हाळ्यात ती बाजेला खिळली. हकिमाचं औषध मधातलं. जरा सांडलं की बाजेच्या पायांवरून मुंग्यांची रांग वर.

"चार वाट्या करा ना," ती म्हणायची.

"उद्या लावतो खरादावर," हा म्हणायचा, आणि रोज त्याला ते खरंच वाटायचं. ती गेली त्या दिवशीही पायांवर रांग होतीच.

चाळिसावा झाला. हारुन दुकानात जाई, परत येई, शेजारची कनीज वाढेल ते खाई. रडू काही आलं नाही. आत काही हलतच नव्हतं. रिकाम्या बाजेकडे बघितलं तर बाज दिसे, बस, एवढंच.

अशात रेल्वेच्या क्लबातला चौकीदार तोताराम आला. क्लबात नाचासाठी नवी लाकडी जमीन घातलेली, आणि पियानोची पितळी चाकं तिच्यात रुतून खड्डे पाडत होती. क्लबातल्या मडमेचा निरोप होता, चाकांखाली ठेवायला चार वाट्या हव्यात. हारुनने जाऊन चाकाला मापाची दोरी लावली आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी काम हजर केलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वाट्या बघून तोतारामने कपाळाला हात लावला. चार बोटं खोल, आतून लाखेने चकाकणाऱ्या!

"हारुनभाऊ, हाऊ पियानो शे, कपाट नही! याले मुंग्या कसाले लागतीन?"

मडम हसली नाही. मोडक्या हिंदुस्थानीत तिने समजावलं. खोल नको, उथळ हवी. चाक टेकेल एवढाच खळगा. बूड मात्र रुंद, म्हणजे भार पसरेल. आणि बुडाखाली बनातीचं जाड लोकरी कापड, म्हणजे जमिनीला ओरखडा नाही. सगळं बरोबर होतं. उभा जन्म लाकडात गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागलं, याची लाजसुद्धा हारुनला वाटली नाही. त्याने शिसवीच्या चार नव्या केल्या, खाली बनात डकवली. चौघांनी पियानो उचलला, चाकं खळग्यांत टेकली.

"आते बठनात बरोबर!" तोताराम म्हणाला.

आधीच्या चार वाट्या तो पिशवीत घालून घरी घेऊन आला. भर दुपारी एकेक पाय उचलून त्याने त्या बाजेखाली सरकवल्या. बसल्या, अगदी मापात. दोरी पियानोला लावली होती, पण हाताने माप घरचं घेतलं होतं. त्याने तांब्याने पाणी भरलं आणि मुंग्यांची वाट बघत समोर बसला.

दिवस कलला, मशिदीत असरची बांग झाली. पाणी तसंच, स्वच्छ. एक मुंगी आली नाही.

येतील कशाला? बाजेवर सांडायला औषध नव्हतं, आणि औषध घ्यायला मेहरुन नव्हती. इतके दिवस लोक त्याला हेच सांगत होते. हारुनला ते आत्ता कळलं, आणि तो मोठ्याने रडला.