मुहूर्तावरचं लिनक्स

लॅपटॉपची कार्यप्रणाली म्हणून नवशिक्याला सोपं लिनक्स कुठलं, यावर तंजावुरात इतका वाद रंगला की तेवढ्यात कावेरीला दोनदा पूर येऊन गेला. शेवटी मित्राने सर्वांत कमी प्रश्न विचारणारी सीडी दिली. वडिलांनी पंचांग पाहून लिनक्स बसवायचा मुहूर्त काढला. आमच्या घरी मुहूर्तावर कुणी ‘नाही’ म्हणत नाही, म्हणून पडद्यावरच्या प्रत्येक प्रश्नाला मी ‘होय’ दिलं. सगळी डिस्क पुसू का, यालासुद्धा! आत्याने उन्हाळाभर सांगून माझ्याकडून लॅपटॉपवर लिहून घेतलेल्या तिच्या तीनशे पाककृती डोळ्यांदेखत गेल्या.

तेवढ्यात आत्या आलीच. “काय रे, माझं सगळं आहे ना आत?”

मुहूर्ताची दहा मिनिटं अजून उरली होती.

“होय,” मी म्हणालो.