हेलन नावाची धास्ती

एकाच बॉसच्या हाताखाली काही वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, आणि बॉसची भीती वाटत असेल तर जरा जास्तच. आमची हेलन तशी होती. पार्सिपनीच्या ऑफिसात मी आणि पुण्याचा मंदार तिच्या टीममध्ये, दोघंही व्हिसावर. साल २००२, लेऑफचे दिवस. तिच्या मनात आलं तर आमचं चंबूगबाळं थेट भारतात.

*

मे महिन्यात तिने सगळ्यांना अचानक कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. तेव्हा त्या खोलीचा एकच अर्थ होता. मंदारने निघताना टेबलावरचा मुलीचा फोटो खिशात टाकला. आत केक! ग्रीक लोक आपल्या नावाच्या संताचा दिवस साजरा करतात, तो हेलनचा होता. 

धीर करून मंदारने नावाचा अर्थ विचारला.

"कुणी म्हणतं मशाल, कुणी म्हणतं तेज. नक्की कुणालाच माहीत नाही."

"मशालच. रोज चटके देते," मंदार मला मराठीत म्हणाला. हेलन हसली. हिला मराठी कळतं की काय, या धास्तीने पठ्ठ्या आठवडाभर लिफ्ट सोडून जिन्याने ये-जा करत होता.

*

मूळ ग्रीक नाव एलेनी. हेलनच्या आजीचं तेच, म्हणून साऱ्या नातींचंही तेच. ओळखू याव्यात म्हणून एक एलेना, एक लेना, एक नित्सा आणि आमची हेलन.

एकदा सूटबूट घातलेली एक बाई आमच्या टेबलांमधून शांतपणे फिरत होती. "यार, माणसं कमी करायला कन्सल्टंट आणलीये," मंदार कुजबुजला आणि तिच्यासाठी कॉफी आणायला धावला. ती नित्सा होती, बहिणीबरोबर लंचला आलेली.

*

मग हेलन सुनेच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली. शुक्रवारी तिच्या मुलाचा फोन आला, आवाज भरून आलेला. "मुलगी झाली. आईचं नाव ठेवलंय, एलेनी."

मी फोन ठेवून मंदारला गाठलं. आमच्या घरांत आजीचं नाव नातीला देतात ते आजी गेल्यावर. हेलन गेली! वाईट वाटलंच, पण खरं सांगते, त्याआधी भीती वाटली. आता आपल्याला कोण ठेवून घेणार?

संध्याकाळी पांढरी फुलं घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. दार उघडलं हेलननेच, खांद्यावर नात. ती फुलांकडे बघत राहिली. मंदारला रडूच फुटलं.

"हेलन, तू सोमवारी ऑफिसला येणार ना?" त्याने विचारलं.

"मी येणार," ती म्हणाली. "तुम्ही यायचं की नाही, ते सोमवारी सांगते."