रागाच्या पंचवीस टोपल्या

उदारामला राग आला की आमच्या तलावाची पाळ वाढायची. हसू नका, खरं सांगते. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, खचली की धान गेलंच म्हणून समजा.

उदाराम माणूस सरळ, पण भलता तिखट. भाजीत मीठ कमी, राग. बैल हटून बसला, राग. कुणी राम राम करायला जरा उशीर केला, तरी नाक लाल. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं रागाच्या भरात मातीची हंडी दारात आपटली आणि एक खापर त्याच्या बायकोच्या, रुख्माच्या, पायात घुसलं. ती ओरडली नाही, रडली नाही. पायाला फडकं बांधलं, टोपली अन् फावडं त्याच्यापुढं आणून टाकलं आणि म्हणाली, "राग आला का पाळीवर जा. पंचवीस टोपल्या माती टाका, मंगच उंबऱ्यात पाय ठेवा."

आणि हा गेला की! तेव्हापासून बत्तीस वर्षं जात राहिला. घामाघूम होऊन परतला की रुख्मावयनी दारातच विचारायची, "झाल्या का पंचवीस?"

"झाल्या."

"मंग या, जेवा."

मग हा गडी इतका गरीब होऊन जेवायचा, की मांजरानं ताटातलं नेलं तरी बोलायचा नाही.

मी शामकला, त्यांची शेजारीण. मला भारी कुतूहल. राग जातो तरी कुठं? मातीत मुरतो का घामात वाहतो? एकदा सासूचा राग आला तेव्हा मीही गुपचूप सहा टोपल्या टाकून पाहिल्या. कंबर धरली, राग होता तिथंच!

गाव मात्र लबाड. पाळीला खाच दिसली की गावातला केवलराम मुद्दाम म्हणायचा, "उदारामभाऊ, तुजे बैल म्हातारे झाले गा!" झालं. दुपारपर्यंत खाच भरलेली. मीही डिवचलंय त्याला, खोटं कशाला बोलू?

जगाची दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात रुख्मावयनी तीन दिवसांच्या तापानं गेली. लेक तिकडं सालेकसाला दिलेली, घरात उदाराम एकटा. आणि त्याला राग येणंच बंद झालं.

आधी आम्ही म्हटलं, बरं झालं, निवला. पण तो जेवेनाही. ताट ठेवलं तर "हो", उचललं तर "हो". केवलरामनं बैलांना म्हातारं म्हटलं, तरी "हो गा." महिन्याभरात फासळ्या दिसायला लागल्या. शांत माणूस सुखी असतो म्हणतात. कसला सुखी! आमच्या डोळ्यांदेखत तो रोज थोडा थोडा मरत होता.

मी ठरवलं, याला पेटवायचाच. माझी शेळी त्याच्या परसात सोडली. पाहत बसला. त्याच्या बैलाला नावं ठेवली. मान हलवली. शेवटी एका सकाळी भातभाजीचं ताट पुढं ठेवलं आणि काळजावर दगड ठेवून बोलले, "खा भाऊ. रुख्मावयनीच्या भाजीपेक्षा बरी हाये. तिले त कदी मिठाचा अंदाज आलाच नाई."

बापा! हेच मिठाचं वाक्य तो स्वतः बत्तीस वर्षं बोलत आला होता. त्यानं मान वर केली, डोळे लाल.

"कोणाले म्हणतेस? तिच्या हातच्या भाजीले नावं ठेवून राहिली तू? कायले? ऊठ, निघ माझ्या घरातून!"

ताट अंगणात जाऊन पडलं. मी पळाले, पण इतका आनंद झाला की पळतापळताच रडू आलं. त्यानं कोपऱ्यातली टोपली उचलली आणि तरातरा पाळीवर गेला.

उपाशी अंग ते. दर टोपलीला थांबत होता. मी आंब्याच्या आडून मोजत होते. तेविसाव्या टोपलीला तो मातीतच बसला आणि हमसून हमसून रडला, बायको गेल्यावर पहिल्यांदा. मग उठून उरलेल्या दोन टाकल्या.

तोवर मी धावत त्याच्या घरी येऊन नवं ताट वाढून ठेवलं होतं. तो दारापर्यंत आला आणि थबकला. उंबरा ओलांडेना. कशासाठी थांबलाय ते मला कळलं. मी दारात जाऊन विचारलं, "झाल्या का पंचवीस?"

त्यानं टोपली खाली ठेवली. "झाल्या."

"मंग या, जेवा."

तो पाय धुऊन बसला. पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी हाये," म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.