हेमराजची तीन बोटं

हेमराज पराते बोलायला बसला की समोरच्याचा चहा निवतो, अशी त्याची तांडापेठेत ख्याती होती. कोष्ट्याचं घर. आजा आणि बाप दोघंही हातमागावर लुगडी विणायचे. हेमराजनेही विसाव्या वर्षापर्यंत धोटा मारला होता. मागाच्या खटखटाटात बोलायचं म्हणजे आवाज चढवूनच बोलावं लागतं. ती सवय त्याला अशी लागली की माग बंद पडले, आयटीआय करून तो कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर झाला, तरी बाजूच्या माणसाशी तो पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असाच बोलायचा.

त्याचा दुसरा नाद गरीचा. गळाला इकडे गरी म्हणतात. लहानपणी नाईक तलावावर बांबूची काडी घेऊन बसायचा. मोठेपणी ती जागा कळमेश्वर-काटोल रस्त्यापासून आत असलेल्या एका तलावाने घेतली. तलाव मासेमार ढिवरांच्या सोसायटीचा. रविवारी पास फाडायचा, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसायचं आणि गरीला लागेल ते आपलं. तिथेच त्याला दोन सोबती मिळाले. एक भैयाजी गावंडे, प्रताप नगरातले निवृत्त चित्रकला शिक्षक, हेमराजपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. दुसरा काटोलचा संत्र्यांचा व्यापारी बाबाराव, हेमराजच्याच वयाचा. पाळीवर ओळख झाली आणि सतरा वर्षं टिकली. एकमेकांच्या लग्नकार्यात ते गेले असतील-नसतील, पण रविवार चुकला नाही.

भैयाजी कणीक आणि सरकीची ढेप मळून गरीचा चारा करायचे. बाबाराव टोपलीभर संत्री आणायचा. हेमराज बोलायचा. भैयाजी म्हणायचे, "अरे, रोहूले कान असतात गा. जरा हळू." पण तो गप्प झाला की पाच मिनिटांनी तेच विचारायचे, "मंग पुढं काय झालं?"

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घोटून ओला केलेला. बाबाराव काटोलहून बांधून आणायचा, हेमराज तांडापेठेतून. दोघांच्या पुड्या मधल्या दगडावर असायच्या आणि कुणाची कोणती, हे सतरा वर्षांत कुणी विचारलं नाही. भैयाजी तेवढे खात नसत.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हेमराजच्या जिभेच्या कडेला एक चट्टा आला. तिखट लागलं की आग व्हायची. दात टोचत असेल म्हणून त्याने दातांच्या डॉक्टरकडून तो घासून गुळगुळीत करून घेतला. तोंड हळूहळू कमी उघडू लागलं. भाकरीचा घास तो लहान करू लागला, पाणीपुरी खाणं सोडून दिलं, जांभई आली की तोंडावर हात धरू लागला. कुणाला काही सांगितलं नाही. मुलगी मयुरी फार्मसीला होती. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिने बापाला आंब्याची कोय चोखताना पाहिलं. कोय तोंडात जाईना, म्हणून तो ती बाहेरूनच चाटत होता.

"बाबा, आ करा."

"काहून वं?"

"करा म्हणते ना."

तिने काय पाहिलं ते तिने त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दवाखान्यात नेलं.

ऑपरेशन नऊ तास चाललं. अर्धी जीभ गेली, जबड्याचं हाड गेलं, मानेच्या गाठी गेल्या. मांडीचं कातडं आणि मांस काढून तोंडात जीभ म्हणून बसवलं. मग रेडिएशनचे तीस शेक. दिवाळीला तो घरी होता, पण नाकात नळी होती आणि सुमती, त्याची बायको, पाच पाच मिनिटांनी त्याच्या हनुवटीवरची लाळ टिपत होती.

नळी निघाल्यावर तो पहिल्यांदा बोलला. सुमतीला पाणी मागितलं. आपल्याला वाटलं ते आपल्या कानावर आलं नाही, हे त्यालाच आधी कळलं. गळ्यातून एक ओला, गोल आवाज आला, त्यात कुठेच अक्षर नव्हतं. सुमतीने घाईघाईने औषध आणून दिलं. त्याने ते घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला. त्यानंतर तो बोलला नाही. मयुरीने पाटी आणून दिली, त्यावर लिहायचा. भात पातळ कर. पंखा बंद. कोणी आलं तर झोपलो म्हण.

लोक आले. कारखान्यातले आले, गल्लीतले आले. तो झोपलेलाच असायचा. बाबाराव मात्र आला नाही. एक दिवस नाही, एक फोन नाही. हेमराजने पाटीवर त्याचं नाव कधी लिहिलं नाही, पण सुमतीला ठाऊक होतं की दाराशी मोटरसायकल थांबली की तो डोळे उघडतो.

भैयाजी दर रविवारी यायचे. आत नाही. पहाटे साडेपाचला स्कूटर दारासमोर उभी करायची, गरीची पिशवी खांद्याला, हॉर्न नाही, हाक नाही. दहा मिनिटं थांबायचे आणि निघून जायचे. तिसऱ्या रविवारी सुमती बाहेर आली.

"भैयाजी, ते नाही येणार हो. कोणालेच भेटत नाहीत."

"मी त्याले बोलवाले नाही आलो वहिनी. रस्त्यात तुमचं घर लागते, म्हणून थांबतो."

प्रताप नगरातून कळमेश्वरला जायला तांडापेठ कुठल्याच रस्त्यात लागत नाही. शहराच्या त्या टोकाहून या टोकाला येऊन पुन्हा उलटं जावं लागतं. सुमतीने आत येऊन हे काही सांगितलं नाही. पण हेमराज खिडकीच्या फटीतून बघत होता आणि त्याने ऐकलं होतं.

अकरा रविवार असे गेले. जानेवारीतला बारावा रविवार फार थंडीचा होता. भैयाजींनी मफलर डोक्याला गुंडाळला होता, स्कूटरला टेकून ते दोन्ही हातांनी गुडघे चोळत होते. सत्तरीला आलेला माणूस. हेमराज बराच वेळ बघत राहिला. मग उठला, स्वेटर घातला, लाळ टिपायचा टॉवेल गळ्यात टाकला आणि खुंटीवरची गरी काढली. सुमती चुलीशी तशीच उभी राहिली. काही बोललं तर तो पुन्हा आत जाईल, अशी तिला भीती वाटली.

भैयाजी म्हणाले, "बस." एवढंच.

तलावावर धुकं होतं. बाबाराव आधीच येऊन बसला होता. त्याने मान वर केली, हेमराजचा वाकडा झालेला जबडा पाहिला आणि लगेच पाण्याकडे वळला.

"आला का गा," तो पाण्यालाच म्हणाला. मग थोड्या वेळाने आपली गरी, डबा, पिशवी सगळं उचललं आणि सांडव्याच्या बाजूला दोनशे पावलांवर जाऊन बसला.

 हेमराजला वाटलं, याला आपली किळस येते. यालाही, झोपलो म्हणून, टाळायलाच हवं होतं. पण परत जायला स्कूटर भैयाजींची, म्हणून तो बसला. आणि बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की इथे कुणी त्याला बोलायला लावत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या काडीकडे बघणाऱ्या माणसाला, तू गप्प का, असं कुणी विचारत नाही. त्या दिवशी त्याला एकच बोटभर मासोळी लागली. त्याने ती सोडून दिली. पुढच्या रविवारी साडेपाचला तो दाराबाहेर उभा होता.

दोन महिने असेच गेले. बाबाराव सांडव्याकडे, हे दोघं इकडे. डबा खायला मात्र तो बाभळीखाली यायचा, कारण भैयाजी ओरडून बोलवायचे. हेमराज आपली पेज चमच्याने घ्यायचा, पाठ फिरवून. मार्चमधल्या एका रविवारी त्याने पाठ फिरवली नाही. चमचा हातात तसाच राहिला. बाबाराव भाकरी खात होता. तो भाकरीचा तुकडा मोडत होता, पुन्हा मोडत होता, नखाएवढा करत होता आणि तोंडाच्या कडेने आत सरकवत होता.

हे हेमराजला ओळखीचं होतं. वर्षभर त्याने हेच केलं होतं.

तो उठला आणि बाबारावच्या पुढ्यात बसला. उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरली, दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तोंड किती उघडतं ते बघायला त्याच्यासमोर धरली होती तशी, आणि बाबारावच्या तोंडाजवळ नेली. आ कर.

"काय करून राहिला बे?" बाबाराव मागे सरकला. "हात काढ."

हेमराजने हात काढला नाही.

"हात काढ म्हणतो ना! तुले झालं म्हणून साऱ्याइले होते का? मले काही नाही झालं. दाढ दुखते माही."

दाढ. हेमराज तसाच बसून राहिला, बोटं हवेत. भैयाजींनी डबा खाली ठेवला. बाबारावने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या बोटांकडे, आणि त्याचा चेहरा एकदम खाली आला.

"दोनदा आलो होतो तुह्याकडं," तो म्हणाला. "तुह्या गल्लीच्या तोंडापर्यंत. गाडी बंद केली, परत सुरू केली. एकच पुडी होती बे आपली. तुले झालं तं मले काहून नाही होणार? तुह्या तोंडाकडं पाहिलं की मले माहं तोंड दिसते. म्हणून तिकडं जाऊन बसतो. तुले वाटलं असन, मले घाण वाटते तुही."

पाणी पाळीच्या दगडांवर हलकं आपटत होतं. बाबारावने तोंड उघडलं. एक बोट कसंबसं गेलं. आत डाव्या गालाला पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मध्ये लाल.

पाटी घरी होती. कागद नव्हता. हेमराजने टॉवेलने हनुवटी पुसली, श्वास घेतला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसासमोर तोंड उघडून बोलला. दोनच शब्द होते. उद्या चाल. पहिल्या वेळेला नुसता गुळगुळ आवाज आला. त्याने पुन्हा म्हटलं. लाळ गळली, ती त्याने पुसली नाही. तिसऱ्यांदा म्हटलं.

"उद्या?" बाबाराव म्हणाला. "उद्या तं बाजार आहे गा."

हेमराजने चौथ्यांदा तेच म्हटलं, आणि या वेळी तो त्याच्या जुन्या, गल्लीपलीकडे जाणाऱ्या आवाजात म्हणाला. शब्द फुटले नाहीत, पण पाणकोंबडी उडाली.

"बरं," बाबाराव म्हणाला. "ओरडू नोको. येतो."

सोमवारी काटोलच्या पहिल्या गाडीतून तो उतरला तेव्हा हेमराज बसस्थानकावर उभा होता. भैयाजीही होते. तपासणीसाठी तुकडा काढला, आठ दिवसांनी कागद आला. होतं ते होतंच, पण गालापुरतं होतं. जीभ, जबडा वाचणार होते. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यापर्यंत थांबला असतात तर मी हे बोलू शकलो नसतो.

ऑपरेशनच्या दिवशी बाबारावची बायको मनकर्णा बाहेरच्या बाकावर बसली होती. नेहमी संत्र्यांच्या ढिगापुढे उभी राहून चार माणसांना कामाला लावणारी बाई आता हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. शेजारी हेमराज बसला होता. तिने त्याला पूर्वी एकदोनदाच पाहिलं होतं.  त्याच्या मानेवरच्या लांब व्रणाकडे बघत तिने विचारलं, "भाऊ, खरं सांगा. लय दुखते का?"

नाही म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. मान हलवली असती तरी भागलं असतं.

"दुखते," तो म्हणाला. "मंग कमी होते. मंग सवय होते. पहिले पंधरा दिवस त्याले आरसा नोका देऊ."

हे एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. मध्ये दोनदा टॉवेल लावावा लागला. मनकर्णा त्याच्या ओठांकडे बघत होती, विणीचा टाका मोजावा तशी.

"आरसा नाही देत," ती म्हणाली. "काढून ठेवते कपाटात."

सारं कळलं होतं तिला, पहिल्याच वेळी. हेमराज उठून व्हरांड्याच्या टोकाला गेला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. भैयाजी त्याच्या मागे गेले नाहीत.

त्याला आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. त्याच्या आदल्या रात्री सुमती जेवत नाही. भाकरी त्याच्या नशिबातून गेली ती गेलीच, कारखानाही सुटला. पण तो बोलतो. सुमतीशी बोलतो, मयुरीशी बोलतो, पाळीवर तर बोलतोच. नवीन माणसाला पहिल्यांदा काही कळत नाही आणि तो भैयाजींकडे बघतो. भैयाजी सांगत नाहीत. "त्यालेच विचार पुन्हा," म्हणतात.

बाबाराव तीन महिन्यांनी पहिल्यांदा तलावावर आला तेव्हा त्याला गरी फेकता येईना. मानेच्या गाठी काढल्या की खांदा धरून येतो, हात वर जात नाही. हेमराजने त्याला बाभळीपाशी नेलं, खोडावर त्याची बोटं ठेवली आणि मुंगीसारखी वर चढवायला लावली, काटे चुकवत. त्याला स्वतःला दवाखान्यात भिंतीवर असंच शिकवलं होतं.

"एक," हेमराज म्हणाला. "दोन."

"मेलो बे."

"तीन."

"भैयाजी, सांगा ना याले!"

"मी काय सांगू? त्याचं मोजणं चालू आहे," भैयाजी म्हणाले. ते दोघांच्या मागे उभे होते, बाबारावचा दुखरा हात पडला तर धरायला. त्यांची पाण्यावरची काडी केव्हाच बुडाली होती आणि रीळ करकरत होतं. सोसायटीच्या माणसाने पलीकडून हाक मारली, "गुरुजी, तुमचा मासा चालला!" भैयाजींनी वळून पाहिलं नाही. हेमराज सातवर होता आणि बाबारावचं बोट अजून खांद्याच्या वर गेलं नव्हतं.